आपली शाळा, आपले हात

डोळे मिटा असं मी सांगणार नाही. डोळे मिटले की नुसती झोप येते. उघड्या डोळ्यांनीच माझ्याबरोबर एक शाळा उभी करा बघू.

लांबट, एकमजली, वर पत्रे. दुपारी ते तापून तडतडायला लागतात, तेव्हा फळ्यापाशी उभ्या बाई आवाज चढवतात आणि मागच्या बाकावरच्या माना खाली जातात. समोर मैदान, त्यात गवताचं पातं नाही. पावसानं दुसऱ्या वर्षीही पाठ फिरवली आहे. वारा सुटला की मैदान उठतं आणि वर्गात येऊन बसतं. मैदानाच्या पलीकडच्या कडेला संडासांची रांग, अर्धे मुलांचे, अर्धे मुलींचे, मधे सिमेंटची टाकी. टाकीत टँकरचं पाणी. टँकर येतो तेव्हा येतो. गावात आणि आसपासच्या वस्त्यांत मिळून वरच्या वर्गांची सरकारी शाळा ही एवढीच.

आता त्या शाळेत एक मुलगी ठेवा. नववीतली, उंच, काटकुळी, केस घट्ट बांधलेली. घरात ती थोरली, म्हणून आपणही तिला थोरलीच म्हणू. धाकटा भाऊ अजून खालच्या शाळेत आहे. बाप विहिरी खोल करणाऱ्या टोळीबरोबर गावोगाव फिरतो. पाणी लागलं तर मजुरी, नाही लागलं तर नुसती हाडं दुखतात, असा त्या धंद्याचा रिवाज. त्या वर्षी पाणी कुठंच लागत नव्हतं. घर चालत होतं ते आईच्या कामावर, आणि आई याच शाळेत सफाईला होती. मुलं तिला मावशी म्हणायची, शिक्षकही मावशीच म्हणायचे.

झालं उभं? मग आता ऐका.

उन्हाळा नुकता लागत होता. एका दुपारी हेडसरांनी मावशींना आपल्या खोलीत बोलावलं. हेडसर म्हणजे वाकलेले, हळू बोलणारे गृहस्थ. काही अवघड बोलायचं असलं की चष्मा काढून पुसत बसायचे. ती दारातच उभी राहिली.

"या मावशी, आत या ना."

"पाय ओले आहेत सर. ठसे उठतील."

"उठू देत."

"उठू देत काय, पुसायचे मलाच आहेत."

हेडसर हसले, मग चष्मा काढला. ते पाहून तिनं दाराची चौकट धरली.

"वरून विचारणा झाली आहे," ते म्हणाले. "प्रत्येक शाळेनं एखादा तरी उपक्रम दाखवायचा. त्या तालुक्याच्या गावच्या मोठ्या शाळेत बँड आहे, सुतारकामाचा वर्ग आहे. आपल्याकडे काय आहे सांगा?"

तिला खरंच काहीतरी शोधायला सांगितल्यासारखं तिनं खोलीभर पाहिलं.

"खराटे आहेत," ती म्हणाली.

"तेच म्हणतो मी! मुलंच शाळा झाडतील, पुसतील, संडास धुतील. आपली शाळा, आपले हात. कसं वाटतं नाव?"

"नाव चांगलं आहे." ती थोडी थांबली. "आणि मी?"

"तुम्हाला आराम."

"आराम म्हणजे किती दिवस, सर?"

हेडसर खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. "वरच्या ऑफिसातले पाहुणे येऊन बघून जाईपर्यंत तुम्ही रोज यायचं. हजर राहायचं. हात मात्र लावायचा नाही, सगळं मुलांनाच करू द्यायचं. पाहुण्यांना पसंत पडलं, तर मग सफाईची जागा ठेवायची की नाही, ते वरच ठरेल. माझ्या हातात असतं, तर मावशी…"

"तुमच्या हातात काय आहे," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. दमलेल्या माणसानं दुसऱ्या दमलेल्या माणसाला म्हणावं तसं ती ते म्हणाली. मग वाकून तिनं दारातले आपले ठसे पुसले. घरी जाऊन कोणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर शिट्टी सर पुढं आले. हे खेळाचे सर. धुळीमुळं त्या वर्षी खेळ बंद होते आणि गळ्यातली शिट्टी रिकामी लोंबकळत होती. त्यांनी ती जोरात फुंकली.

"स्वच्छता पथक तयार करायचं आहे! पथकाला प्रमुख हवा. हे काम कोणाला येतं?"

कोणीच हात वर केला नाही. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, हिच्या घरचंच आहे की!"

हशा पिकला. शिट्टी सर हसले नाहीत. त्यांना ते मनापासून पटलं. "बरोबर. हिला शिकवायला नको. ये गं पुढं."

थोरली पुढं आली. तिचे कान तापले होते. मैदानाच्या कडेला आई खराटा हातात धरून उभी होती. थोरलीनं तिकडं बघायचं टाळलं, आणि आईनंही खराटा मागं घेतला.

शेवटच्या तासाला पथकानं काम सुरू केलं. पथकात एक गुबगुबीत मुलगा होता, त्याला सगळे बोका म्हणत. त्यानं एका हातानं नाक दाबलं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहूनच अख्ख्या बादलीचं पाणी आत भिरकावलं.

"झालं!"

"काय झालं?" थोरलीनं विचारलं.

"पाणी गेलं."

"आणि घाण?"

"ती कशाला जाईल? तिचं घर आहे ते."

सगळी पोरं खिदळली. पोरांच्या अंगात खरोखर वाईटपणा नव्हता, हे मी तुम्हाला आताच सांगतो. त्यांना वास सहन होत नव्हता, एवढंच. वास सहन होत नसला की माणूस विनोद करतो.

आई पायरीवर बसली होती. तिला तसंच बसायला सांगितलं होतं. हात मांडीवर ठेवावेत की गुडघ्यावर, ते तिला ठरवता येत नव्हतं. फिनेलनं चिरलेली तिची बोटं एकमेकांत अडकत होती, सुटत होती. एक बाई जाता जाता म्हणाल्या, "काय मावशी, मजा आहे बुवा तुमची!" ती कसनुशी हसली. वाऱ्यानं एक कागदाचा बोळा तिच्या पायाशी आणून टाकला. तिनं सवयीनं उचलला.

शिट्टी वाजली. सगळ्या पोरांनी वळून पाहिलं.

"मावशी! हात नाही लावायचा म्हटलंय ना?"

आईनं सरांकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं. मग तो बोळा होता तिथंच परत ठेवला.

थोरलीनं ते पाहिलं. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. तिला जागेचं काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, हे काम आपण इतकं नीट करायचं की आईला नुसतं बसता येईल आणि तिच्या गुडघ्यांना जरा सुख मिळेल. शिवाय मागच्या रांगेतल्या त्या हशाला उत्तर द्यायचं होतं. तिनं बोक्याच्या हातातली बादली काढून घेतली, ब्रश घेतला, आणि आत जाऊन गुडघ्यांवर बसली.

"वरून खाली घासायचं," ती म्हणाली. "आधी भिंत, मग जमीन. पाणी शेवटी, तेही बेतानं. बोक्या, तू नुसता बघत उभा राहिलास तर तुलाच धुऊन काढीन."

"मला कशाला, मी रोज आंघोळ करतो."

"कळतंय ते लांबूनच."

आता पोरं तिच्या बाजूनं हसली.

असे दिवस गेले. पथक बरं काम करायला लागलं. अगदी चांगलं नाही, बरं. आई अंधार पडायला घरी यायची, अर्धी भरलेली घागर घेऊन. "पाण्याच्या रांगेत होते," असं सांगायची. जेवताना तिचा हात घासापाशी जाऊन थांबायचा. पाय लांब करून ती गुडघे दाबत बसायची.

"आई," धाकट्यानं एकदा विचारलं, "तुला शाळेत नुसतं बसायचा पगार देतात?"

"हो."

"मग मी मोठा झालो की बसणारच आहे."

"बस हो. पण बसून बसून अंग जास्त दुखतं, हे लक्षात ठेव."

थोरलीला ते खरंच वाटलं.

सकाळी शाळेत गेलं की फरशा लखलखीत असायच्या. संडासात आदल्या दिवशी राहिलेले डागही दिसायचे नाहीत. ओलं असताना कळत नाही, वाळलं की खरं काम दिसतं, असं थोरलीला वाटायचं. तिला थोडा अभिमानही वाटायला लागला होता. तुम्हालाही वाटला असता. प्रार्थनेनंतर हेडसरांनी पथकाचं कौतुक केलं, तेव्हा तिनं पहिल्यांदाच मान वर करून मैदानाच्या कडेला पाहिलं. आई टाळ्या वाजवत होती.

थोरलीची मैत्रीण चष्मेवाली. तिचे वडील शाळेचे कारकून, त्यामुळं शाळेतल्या गोष्टी तिच्या घरी ताटावर यायच्या. मधल्या सुट्टीत दोघी नळाखाली ओंजळ धरून उभ्या होत्या. नळातून थेंब थेंब पडत होता.

"तू पण कमाल आहेस बाई," चष्मेवाली म्हणाली. "मी असते तर इतकं घासलं नसतं."

"का?"

"का म्हणजे? तुला माहीत नाही?" तिनं चष्मा वर सरकवला आणि आवाज उतरवला. "पाहुणे खूश झाले की मावशींची जागा जाणार. बाबा सांगत होते. मुलं फुकट करतात म्हटल्यावर माणूस कशाला ठेवतील?"

थेंब पडत राहिले. थोरलीच्या ओंजळीत पुरेसं पाणी जमलं, ते न पिता तिनं तसंच सोडून दिलं.

"आईला माहीत आहे?"

"त्यांना हेडसरांनी सुरुवातीलाच सांगितलंय की."

त्या दिवशी शेवटच्या तासाला तिनं पथकाला लवकर सुट्टी दिली.

"प्रमुखीणबाई आजारी का आज?" बोक्यानं विचारलं.

"घरी जा."

"अहो, पण आतलं तर…"

"जा म्हणते ना!"

सगळे गेल्यावर ती एकटीच आत गेली. भिंतीवर तपकिरी ओघळ होता. तिचा हात ब्रशकडं गेला. तिनं तो मागं घेतला आणि मुठी वळून बाहेर आली. काम न करणंही किती जड असतं ते तिला त्या दिवशी कळलं.

सकाळी ती मुद्दाम लवकर गेली. ओघळ नव्हता. फरशी स्वच्छ, कोपरे स्वच्छ, फिनेलचा वास. ती तिथंच उभी राहिली, चुकून दुसऱ्याच शाळेत आल्यासारखी.

त्या संध्याकाळी तिनं आणखी पुढची मजल मारली. टाकीखालच्या चिखलात पाय घालून ती चपलांसकट सगळ्या संडासांतून फिरली. सकाळी पाहते तो पुन्हा लख्ख. हेडसर प्रार्थनेनंतर म्हणाले, "पथकाचं काम दिवसेंदिवस सुधारतंय." बोक्यानं तिच्याकडं पाहून डोळे मिचकावले. "बघ," तो कुजबुजला, "आपण नाही केलं की जास्त छान होतं."

त्या दिवशीही ती चिखल तुडवून घरी आली, आई अजून आली नव्हती, आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

संध्याकाळी धाकट्याला शेजारच्या काकूंकडं सोडून ती परत शाळेत आली. मैदान ओस पडलं होतं. सूर्य पत्र्यांच्या मागं गेला होता, पण जमीन अजून आग ओकत होती. संडासांच्या रांगेतून खसखस आवाज येत होता.

आई गुडघ्यांवर होती. कपडे वर खोचलेले, पाठ घामानं चिकटलेली. वाळलेला चिखल ती विटेच्या तुकड्यानं खरवडत होती. शेजारी बादलीत टाकीच्या तळाचं गढूळ पाणी होतं.

"आई."

आई दचकली नाही. मान न वळवताच म्हणाली, "तिथंच थांब. घसरशील."

"काय करतेस तू?"

"दिसत नाही?"

"रोज?"

"आधी एवढं नव्हतं. तू बरी करत होतीस, मी नुसता हात फिरवत होते. या दोन-तीन दिवसांत काय झालंय गं तुझ्या पथकाला? चिखल तुडवून गेलंय कुणी गाढव."

थोरलीला हसू आलं.

"ते गाढव मीच आहे."

आता आईनं मान वळवली.

"घाण राहिली तर पाहुणे म्हणतील मुलांना जमत नाही. मग तुझी जागा राहील. मला कळलंय सगळं. तू सांगितलं का नाहीस?"

आईनं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं.

"सांगून काय? तू काम टाकलं असतंस. मग तो शिट्टीवाला भर मैदानात तुला बोलला असता. सफाईवालीची पोर आणि हिला साधं झाडता येत नाही, असं म्हणाला असता. मला ते ऐकायचं नव्हतं."

"म्हणजे मी तुझ्यासाठी घाण करते, आणि तू माझ्यासाठी ती काढतेस."

"तसंच झालं खरं."

मग आईच हसली, कोरडं, खोकल्यासारखं. "आपल्या दोघींची अक्कल एका पारड्यात टाकली तरी काटा हलायचा नाही."

"उद्यापासून तू हात लावायचा नाहीस."

"बघते."

"बघते नाही. नाही म्हणजे नाही."

"अगं, हे असं टाकून गेले की मला घरी घास उतरत नाही."

"जागा गेली तर उतरवायला घासच नसेल!"

आई उठायला गेली, तर गुडघ्यानं दगा दिला आणि ती भिंतीला टेकली. थोरलीनं तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. आईचं अंग किती हलकं आहे ते तिला त्या क्षणी कळलं आणि नको नको झालं.

मग निघायला हवं होतं. पण अर्धी फरशी घासलेली होती आणि अर्धी राहिली होती. दोघी त्या अर्ध्याकडं बघत उभ्या राहिल्या. शेवटी थोरलीनं मुकाट्यानं विटेचा तुकडा उचलला. अर्धवट टाकून जाणं दोघींनाही जमलं नाही.

पाहुण्यांचा दिवस ठरला. थोरली शिट्टी सरांकडं गेली. म्हणाली, "सर, मला प्रमुख व्हायचं नाही."

"आता? पाहुणे तोंडावर आलेत आणि आता?" सर चिडले नाहीत, घाबरले. "हे बघ, तुला फक्त एकच वाक्य म्हणायचं आहे. पाहुणे विचारतील, हे कोण करतं? तू म्हणायचंस, हे सगळं आम्ही मुलांनीच केलं. म्हण बघू."

तिनं पायाच्या अंगठ्यानं धूळ उकरली.

"म्हण ना."

"हे सगळं आम्ही मुलांनीच केलं."

"मोठ्यानं. आणि जरा हसून."

इकडं हेडसरांनी मावशींना पुन्हा बोलावलं. चष्मा आधीच हातात होता. "पाहुणे येतील त्या दिवशी तुम्ही घरीच राहा. तुम्ही दिसलात तर उगाच विचारणा होईल. बरं दिसणार नाही."

"कुणाला, सर?" तिनं विचारलं. हेडसर काच पुसत राहिले. मग तीच म्हणाली, "राहते घरी."

आदल्या दिवशी टँकर आलाच नाही. शाळा भरली, सुटली, टाकी कोरडी ती कोरडीच. शेवटच्या तासाला पथक संडासांपाशी गेलं आणि तसंच परत फिरलं.

"उद्या पाहुण्यांना दारातच नाकाला लावायला चिमटे वाटू या," बोका म्हणाला. नेहमीसारखं कोणी हसलं नाही.

थोरली घरी आली. तिनं काहीच मुद्दाम केलं नव्हतं, आणि तरी होणार ते होणार होतं. तिला बरं वाटायला हवं होतं. आई भकास चेहऱ्यानं भिंतीला टेकून बसली होती.

"जाऊ दे आई. तुझ्या हातात काही नाही आणि माझ्याही."

"हं," आई म्हणाली.

सकाळी थोरली उठली तर आईचं अंथरूण गुंडाळलेलं होतं.

"पाण्याला गेली," धाकटा तोंडात बोट घालून म्हणाला. "टँकरचा भोंगा वाजला ना, पळतच गेली."

"कुठल्या बाजूला?"

त्यानं शाळेकडं बोट केलं.

थोरली धावत निघाली. फाटकापासून टाकीपर्यंत जमिनीवर टँकरनं सांडलेल्या पाण्याची ओली रेघ होती. पण तिला मैदानापलीकडं जाता आलं नाही. ऊन चढायच्या आत आटपावं म्हणून पाहुणे लवकर आले होते. त्यांची गाडी फाटकातच उभी होती, आणि शिट्टी सर मिळतील तेवढी मुलं गोळा करून रांग लावत होते. "आलीस? देव पावला. उभी राहा पुढं!"

पाहुण्यांत एक मोठ्या बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, पायांत जाड चपला. बरोबर दोघे जण. हेडसर त्यांना आपल्या खोलीकडं न्यायला लागले.

"आधी संडास बघू," बाई म्हणाल्या. "शाळा तिथंच कळते. मुलांनाही येऊ द्या."

हेडसरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना आदल्या दिवशीचा वास आठवत होता. सगळे मैदान ओलांडून निघाले, पुढं बाई, मागं मुलांची रांग. संडासांसमोर रांग थांबली. बाईंनी पहिलं दार ढकललं. आत ओली, स्वच्छ फरशी. दुसरं ढकललं, तसंच. तिसरं तसंच. हेडसरांनी श्वास सोडला आणि त्यांना काही कळेना. बोक्याचं तोंड उघडं राहिलं.

शेवटचं दार बंद होतं. आतून कडी होती. थोरलीनं पाहिलं, दाराखालून फेसाचं पाणी हळूहळू बाहेर येत होतं, आणि फटीत दोन टाचा दिसत होत्या, भेगा पडलेल्या. त्या टाचा हलत नव्हत्या.

शिट्टी सरांनीही पाहिलं. ते दारापुढं येऊन उभे राहिले. "हे नादुरुस्त आहे बाई. बंदच असतं."

"असू दे. बाकीचं छान आहे. खरंच छान." बाई मुलांकडं वळल्या. त्यांच्या आवाजात माया होती. "पाण्याचा एवढा दुष्काळ, आणि तरी इतकं स्वच्छ! हे सगळं कोण करतं रे?"

शिट्टी सरांनी थोरलीकडं पाहून मान हलवली.

ती रांगेतून एक पाऊल पुढं आली. वाक्य तिला तोंडपाठ होतं. ते म्हटलं की झालं, शाबासकी मिळणार, टाळ्या वाजणार, पाहुणे गाडीत बसणार. दाराआड फिनेलनं खोकल्याची उबळ आली होती आणि कोणीतरी ती तोंडावर हात दाबून आवरत होतं. थोरलीला ती ऐकू आली. रात्री शेजारी झोपल्यावर रोज ऐकू यायची, तशीच.

"म्हण ना," मागून बोका कुजबुजला.

थोरली चालायला लागली. ती बाईंच्या जवळून गेली, शिट्टी सरांच्या बाजूनं गेली आणि तिनं दारावर बोटांनी टकटक केलं.

"आई, बाहेर ये."

आत काही हललं नाही.

"ये आई. सगळं धुऊन झालंय."

कडी कुरकुरली. आई बाहेर आली. कोपरापर्यंत फेस, कपाळाला केस चिकटलेले, हातात बादली. तिनं कोणाकडंच पाहिलं नाही. भिंतीला अंग घासत ती पलीकडं सटकायला बघत होती.

"हिनं केलंय," थोरली बाईंना म्हणाली. आवाज फुटत होता, पण ती थांबली नाही. "आजचं हिनंच. रोजचंही शेवटी हीच करते. आम्ही थोडं घासतो, पाणी ओततो आणि घरी जातो."

हेडसरांचा हात चष्म्याकडं गेला आणि मधेच थांबला. शिट्टी सर जमिनीकडं बघत राहिले. बाई आईच्या हातांकडं पाहत होत्या.

"राहू दे गं," आई अगदी हळू म्हणाली. "मला जाऊ दे, पोरी."

थोरलीनं तिच्या हातातली बादली काढून खाली ठेवली. आईचं ओलं, निसरडं मनगट घट्ट धरलं. सगळ्यांच्या देखत तिला रांगेकडं घेऊन गेली. चष्मेवाली थोडी बाजूला सरकली. त्या जागेत तिनं आईला उभं केलं आणि स्वतः तिच्या शेजारी ताठ उभी राहिली.